पूजेतला पाना

डोंबिवलीत रस्त्याने चालणारा माणूस खाली बघून चालतो, कारण खड्डे खाली असतात. मी वर बघून चालतो. त्यामुळे माझा पाय अनेकदा मुरगळलाय, एकदा तर एका लग्नाच्या वरातीत मी सरळ बँडवाल्याच्या ढोलावर जाऊन आदळलोय. माझी बायको मंदा मला ‘चिंतामणी’ म्हणते. माझं नाव ते नाही, पण ते ऐकलं की मी ओ देतो.

मी वर बघतो ते एसीचे स्टँड. उभा जन्म घरोघरी एसी बसवण्यात गेला. आता गुडघे बोलायला लागले म्हणून शिड्या चढणं कमी केलंय, ठाण्यात घोडबंदरच्या मोठमोठ्या टॉवरांमध्ये दुसऱ्यांनी केलेलं काम तपासायला जातो. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं की काहीतरी गमतीदार लिहा, लोकांना दिवाळीत हसायला हवं असतं. गमती आहेत माझ्याकडे. पण आमच्या धंद्यातली गंमत साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर लटकत असते आणि तिच्याखालून माणसं ये-जा करत असतात, त्यामुळे मला नीट हसता येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरात भिंतीवर दिसतो तो एसीचा अर्धा भाग. उरलेला अर्धा बाहेर असतो, त्याला आम्ही आउटडोअर म्हणतो. त्याचं वजन धरा भरलेल्या गॅस सिलिंडरएवढं. तो चालू झाला की थरथरतो, आणि उन्हाळाभर थरथरत राहतो. हे सगळं ओझं दोन लोखंडी कोनांवर, म्हणजे स्टँडवर, असतं आणि ते कोन भिंतीत ठोकलेल्या चार बोल्टांवर. बोल्ट काँक्रीटच्या पिलरमध्ये गेला तर माणूस त्यावर संसार मांडू शकतो. नुसत्या प्लॅस्टरमध्ये किंवा पोकळ विटेत गेला, तर तो तिथे फक्त मुक्कामाला आलेला असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ड्रिल आत जाताना हाताला कळतं आणि पडणारा भुगा लाल आहे की राखाडी, त्यावरून डोळ्याला कळतं. भुगा लाल दिसला की जागा बदलायची. गिऱ्हाईक मागे उभं राहून म्हणतं, "अहो चालतंय हो, आमच्या शेजाऱ्यांनी तिथेच लावलाय." तेव्हा नाही म्हणायला शिकायचं. आमच्या धंद्यात हातापेक्षा जिभेला जास्त शिकावं लागतं.

गिऱ्हाइकांचं म्हणाल तर आमच्या डोंबिवलीचं गिऱ्हाईक शिकलेलं, सज्जन आणि हट्टी. एका काकूंच्या बाल्कनीत मी आउटडोअर ठेवला. समोर तुळस होती. मी म्हटलं, काकू, हा डबा घरातली सगळी उष्णता बाहेर फेकतो, तुळस हलवा. काकू म्हणाल्या, तुळस सासूबाईंनी ठेवली तिथेच राहणार. महिन्याभरात तुळशीच्या काड्या झाल्या. काकूंनी मला बोलावून घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं की तुमच्या मशीनला काही बाधा वगैरे आहे का. मी मशीन वळवून तोंड दुसरीकडे केलं, वर नवीन रोप आणून दिलं. ते रोप जगलं. काकू अजून सगळ्यांना सांगतात की रेडकरांच्या, म्हणजे माझ्या, हाताला गुण आहे. खरं काय ते सांगायचा धीर मला झाला नाही.

पण मूळ काळजी वेगळीच आहे. आमच्या डोंबिवलीत मानपाड्याच्या बाजूने कारखान्यांची हवा येते. कधी नाकाला झोंबते, कधी नुसती जिभेवर बसते. आपण खोकतो आणि विसरतो. लोखंड विसरत नाही. दुसरीकडे जो स्टँड वर्षानुवर्षं टिकतो, तो आमच्याकडे पाच-सहा पावसाळ्यांत आतून पोखरला जातो. तांब्याच्या नळ्या काळ्या पडतात. वरून रंग मात्र शाबूत दिसतो. म्हणून मी वर बघतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनी चार मजली इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी बसवलेला एक आउटडोअर होता, काम माझं नव्हतं. त्याच्या बरोबर खाली हिराबाई फुलं विकायला बसायची. हिराबाई इथलीच, आगरी. जिथे आज इमारती आहेत तिथे तिच्या सासऱ्याची भातशेती होती असं ती सांगते, आणि ते खरं आहे. ती नेमकी त्याच जागी का बसायची, तर पाण्यासाठी. एसी घरातल्या हवेतला दमटपणा ओढतो, त्याचं पाणी होतं आणि ते बारीक पाइपातून बाहेर पडतं. हा पाइप नीट उतार देऊन सांडपाण्याच्या नळात सोडायचा असतो. तिथे बसवणाऱ्याने कंटाळा केला होता आणि पाइप स्टँडलाच बांधून मोकळा सोडला होता. हिराबाईने त्याच्याखाली बालदी ठेवली. थेंब थेंब पाणी जमायचं, ते ती गजऱ्यांवर शिंपडायची. फुकटचं, गार, स्वच्छ पाणी. दिवसभर तिची फुलं टवटवीत राहायची आणि पलीकडच्या फुलवाल्याची दुपारी माना टाकायची.

मी तिला खूपदा सांगितलं की बाई, वरचा स्टँड मला बरा दिसत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही सांगितलं. ते म्हणाले, घरमालक पुण्याला असतात, कळवतो. हिराबाई म्हणायची, "तू वर बगू नको, फुलां बग."

गेल्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. ड्रिल, नटाचे पाने, हातोडी, गॅसचं मीटर, व्हॅक्यूम पंप, सगळं पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. मला काम शिकवणारे वसंतराव मिस्त्री म्हणायचे की त्या दिवशी हत्यार झोपलेलं असतं, झोपलेल्याला उठवलं की ते हातात राहत नाही. त्यांच्या ओळखीच्या कोणाचं तरी असं झालं होतं. कोणाचं, कुठे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, म्हणून ते माझ्या डोक्यात जास्तच बसलं. उंचीवर काम करणारा माणूस काही ना काही मानतोच. मी जरा जास्त मानतो.

सकाळी पूजा झाली. तोरणाला फुलं कमी पडली म्हणून मंदाने मला पिटाळलं. हिराबाईपुढे झेंडूचा ढीग होता आणि ढिगाभोवती ही गर्दी. बायका, पोरं, स्कूटर आडवी लावून उभी राहिलेली माणसं. सगळी त्या डब्याखाली. दसऱ्याच्या दिवशी अभद्र बोलायला नको म्हणून मी नुसती फुलं मागितली. फुलं मोजून घेताना हिराबाई कुरकुरली, "पानी सरकलाय बग सकालपासना. बालदीन परत नाय."

मी बालदीकडे बघितलं. पाणी बालदीच्या बाहेर वीतभर अंतरावर पडत होतं, रस्त्यावर नवीन ओल झाली होती. तिने बालदी सरकवलेली नव्हती, बालदीचा गोल डाग फरशीवर तसाच होता. म्हणजे पाइप सरकला होता. पाइप स्टँडला बांधलेला होता. मी वर बघितलं तेव्हा माझ्या हातातली फुलं खाली पडली. डबा पुढे झुकला होता. उजव्या बाजूचा वरचा बोल्ट भिंतीतून बाहेर आला होता, बोटाएवढा, आणि मशीन चालू होतं. ते थरथरत होतं आणि प्रत्येक थरथरीबरोबर तो बोल्ट आणखी थोडा बाहेर येणार होता.

मी हिराबाईला म्हटलं, उठ. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मला वेड लागलंय. मी वर दाखवलं. तिने बघितलं, घाबरलीही, पण उठली नाही.

"आज नाय उठाची मी," ती म्हणाली. "दसऱ्याला जागा सोरली तं उद्या दुसरा बसंल. मंग मना कोन देल जागा?"

ती चुकीचं बोलत नव्हती. रस्त्यावर धंदा करणाऱ्याची जागा म्हणजे त्याचा सातबारा, आणि तिचा एक सातबारा आधीच गेलेला होता. मी मंदाला फोन केला, जशी असशील तशी ये म्हटलं, आणि जिना चढलो.

दुसऱ्या मजल्यावर सौरभ नावाचा तरुण भाडेकरू होता. घरात लहान बाळ. त्याने ऐकून घेतलं आणि एसी लगेच बंद केला. पण मशीन उतरवायचं म्हटल्यावर तो अडखळला. मालकाला विचारायला हवं, माझी वस्तू नाही, असं म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. मालकाचा फोन लागत होता, उचलला जात नव्हता. मी खिडकीतून वाकून बघितलं. जवळून ते आणखी वाईट दिसलं. खालचा बोल्ट गंजून निम्मा झाला होता आणि भोकाभोवती लाल भुगा. सगळं ओझं डाव्या बाजूवर आलं होतं. खाली झेंडूचा पिवळा ढीग आणि हिराबाईचा पदर दिसत होता. मी आत वळलो. मी सौरभला म्हटलं, मालकाला मी उत्तर देईन, खाली काही झालं तर त्याला उत्तर नाही. तो बाळाला उचलून खिडकीपासून लांब गेला आणि म्हणाला, "करा काका."

आता माणूस हवा होता आणि हत्यार हवं होतं. उंचीवर एकट्याने काम करायचं नाही हा नियम मी कधी मोडला नाही. माझा मेव्हणा दत्ता आंबिवलीला राहतो, तोच माझा जुना जोडीदार. त्याला फोन केला. त्याने श्रीखंडाची वाटी तशीच ठेवली असणार, कारण तो काही न विचारता निघाला. राहिलं हत्यार. ते पाटावर फुलांखाली झोपलेलं होतं.

खाली उतरलो तर मंदा आलेली. मी तिला सांगितलं काय झालंय, पण हत्यारांचं नाव काढलं नाही. मला खरंच भीती वाटत होती. वसंतरावांचा तो निनावी माणूस डोळ्यांपुढे उभा होता. छज्ज्यावर मी, हातात पूजेतला पाना. मंदा देवधर्म कडक पाळणारी. ती नको म्हणेल अशी एका बाजूने धास्ती होती आणि ती नको म्हणाली तर बरं होईल असंही दुसऱ्या बाजूने वाटत होतं. हे मी आजवर तिलासुद्धा सांगितलेलं नाही.

मंदा तडक वळली. घरी गेली आणि पिशवी घेऊन आली. पाने, दोर, कमरेचा पट्टा, सगळं होतं. पान्यावरचं कुंकू तसंच होतं. "देवी काय तुमच्या पान्यावर बसून राहिली नाहीये," ती म्हणाली. "तिला खालची माणसं दिसतात."

मग ती हिराबाईकडे वळली. मी तासभर बोलून जे झालं नसतं ते तिने दोन वाक्यांत केलं. तिने बालदी होती तिथेच ठेवली आणि हिराबाईला सांगितलं की तुझी जागा तुझी बालदी धरेल, आणि बालदीला मी धरते. पलीकडच्या फुलवाल्यालाही तिने बोलावून सांगितलं. रस्त्यावर बसून विकणाऱ्यांत ठेवलेल्या वस्तूला मान असतो. विटेने, पाटीने, गोणपाटाने जागा धरली की ती धरली. फुलवाल्याने मान हलवली आणि स्वतःच झेंडूचे ढीग उचलायला लागला. दोर बांधून आम्ही रस्ता अडवला. मंदा दोराच्या टोकाला पोलिसासारखी उभी राहिली आणि स्कूटरवाल्यांशी भांडली.

दत्ता आला. आम्ही दोघं वर गेलो. लोक खिडकीच्या ग्रिलला दोर बांधतात आणि छज्ज्यावर उतरतात. ग्रिल चार स्क्रूंवर असतं, ते स्वतःलाच जेमतेम धरून असतं. आम्ही दोर दोन खिडक्यांमधल्या पिलरला वेढून घेतला, एक माझ्यासाठी आणि एक मशीनसाठी. आधी मशीन बांधलं, मग मी उतरलो. नेहमीच्या पद्धतीने मशीन चालू ठेवून सगळा गॅस आत गोळा करून घेतात, पण ते चालू करायची हिंमत मला झाली नाही. नुसते वॉल्व्ह बंद केले. नळ्यांमध्ये राहिलेला थोडा गॅस वाया गेला. गॅस हवेत सोडू नये असं मी ठाण्यातल्या लोकांना रोज सांगतो, त्या दिवशी सोडला आणि पश्चात्ताप झाला नाही.

नटावरून पाना दोनदा घसरला तेव्हा दत्ताने वरून विचारलं, "भावजी, मी येऊ का?" मी नको म्हटलं. पाना घट्ट धरला. कुंकू तळहाताला लागलं. डावीकडचे नट सुटले. उजवीकडच्या वरच्या बोल्टाला पाना लागलाच नाही. मी नुसता हात लावला आणि तो भिंतीतून निघून माझ्या हातात आला. तो हातात धरून मी तसाच उभा राहिलो. दत्ता वरून ओढतोय, मशीन दोरावर आलंय, आणि मी एक गंजका बोल्ट घेऊन उभा. मला रडू आलं. कोणाला दिसलं नसावं.

मशीन घरात घेतलं. खाली हिराबाई परत बालदीशेजारी बसली आणि अंधार पडेपर्यंत तिने सगळा झेंडू विकला. संध्याकाळी मालकाचा फोन आला. आधी चिडले, मग मी बोल्टाचा फोटो पाठवला तेव्हा निवळले. त्यांनी मलाच काम दिलं. मी मशीन इमारतीच्या मागच्या बाजूला खाली जमिनीवर, काँक्रीटच्या ओट्यावर ठेवलं. नळ्या लांब घ्याव्या लागल्या, पण कोणाच्या डोक्यावर काही नाही. पाण्याचा पाइप नीट उतार देऊन मागच्या नळात सोडला. पुस्तकात लिहावं असं काम झालं.

पण हिराबाईचं पाणी गेलं. ती माझ्यावर बरेच दिवस रुसली होती. फुलं द्यायची, बोलायची नाही. कोरड्या बालदीकडे बघून मला वाईट वाटायचं. मशीन पडलं असतं तर, असं सांगायला जावं तर ती म्हणणार, परला तं नाय ना. आमच्या धंद्यात हेच आहे. नीट केलेलं काम म्हणजे जे घडलं नाही ते, आणि न घडलेलं कोणाला दाखवणार.

यंदा पावसाळ्यापासून मी ठाण्यातच अडकलो होतो. अंधारात घर सोडायचं, अंधारात परत यायचं. त्यामुळे दसऱ्याच्या सकाळी, पूजा झाल्यावर, गल्लीच्या तोंडाशी गेलो तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हिराबाई जागेवर नाही. मी आजूबाजूला शोधलं. मग हाक आली. ती रस्त्याच्या पलीकडे बसली होती, समोरच्या इमारतीखाली. तोच झेंडूचा ढीग, तीच गर्दी, तीच बालदी, आणि बालदीत टप टप पाणी.

मी वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर आउटडोअर.

"काय बगतंस?" ती हसून म्हणाली. राग गेलेला दिसला. "मी इचारून बसलेय. वरच्या बाईना इचारला, कोनी लावलाय? ती बोलली, रेडकर मिस्त्रीनी. मंगच बसले."

मी बघत राहिलो. हो, माझंच काम होतं ते. गुडघे शाबूत असतानाचं, बऱ्याच जुन्या दिवसांतलं. तेव्हा तिथे खाली नाला होता, रस्ता नव्हता, म्हणून पाइप मोकळा सोडला असणार. स्टँड सरळ दिसत होता. रंग शाबूत होता. पण रंग काय सांगतो? मी आठवायला लागलो की भुगा लाल होता की राखाडी. राखाडीच असणार, मी लाल भुग्यात कधी बोल्ट मारला नाही. पण मधे किती पावसाळे गेले आणि ही हवा. दुसऱ्याच्या कामाखाली ती बसायची तेव्हा मला नुसती काळजी होती. आता ती माझं नाव ऐकून बसली होती.

तिने माझ्या ओंजळीत फुलं घातली. मी म्हटलं, हिराबाई, जरा बाजूला सरकून बस, मी आलोच. या वेळी तिने वाद घातला नाही. बालदी तिथेच ठेवली आणि ढीग ओढायला लागली.

घरी पाटावर सगळी हत्यारं झेंडूखाली होती. मी चप्पल न काढता दारातच थांबलो. मंदाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि खिडकीकडे बोट केलं. खिडकीच्या कट्ट्यावर दोर, पट्टा आणि स्टँडच्या नटांना लागणारा सतरा नंबरचा पाना ठेवलेला होता, कोरडा, कुंकू न लावलेला.

"तेवढं पूजेत ठेवलंच नाही," ती म्हणाली. "जा तुम्ही, मी दत्ताला फोन करते."